सरोजिनीबाईंचे दात

पुण्यात माणसाला कामावरून ओळखतात आणि खोडीवरून लक्षात ठेवतात. कर्वेनगरच्या सरोजिनीबाई पूजा सांगतात हे त्यांच्या गल्लीला ठाऊक होतं, तसंच त्यांच्या गालात कायम खडीसाखरेचा खडा असतो हेही ठाऊक होतं. बोलता बोलता तो खडा एका गालातून दुसऱ्या गालात जायचा, आणि गल्लीतली पोरं त्यांच्या माघारी हुबेहूब तशी नक्कल करायची.

बाई मूळच्या वर्ध्याकडच्या. नवरा सुदर्शन आकुर्डीच्या एका कारखान्यात लागला म्हणून लग्नानंतर पुण्यात आल्या. मुलगी मोठी झाल्यावर घरात बसून करायचं काय, या विचारात असताना कुणीतरी सांगितलं की सदाशिव पेठेत आप्पासाहेब बायकांना पौरोहित्य शिकवतात. जात विचारत नाहीत, फक्त उच्चार विचारतात. उच्चारांचीच तर पंचाईत होती. वऱ्हाडात डोळ्याचा डोया होतो आणि काळ्याचा काया. आप्पासाहेबांनी पहिल्या दिवशी ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाले, "बाई, तुमचा आवाज चांगला आहे. अक्षरं तेवढी नवीन घ्यावी लागतील." बाईंनी खरंच नवीन घेतली. भांडी घासताना, गहू निवडताना, बसच्या रांगेत, त्या ओठांतल्या ओठांत घोकत राहिल्या. दोन वर्षांनी त्यांच्या तोंडून मंत्र असे निघू लागले की वर्गातल्या सदाशिव पेठी बायकासुद्धा मान वर करून बघायच्या, आणि सदाशिव पेठेनं मान वर करणं ही काही साधी गोष्ट नाही.

खडीसाखर ही त्या वर्गाचीच देणगी. आप्पासाहेबांच्या समोर एक काचेची बरणी असे. वर्गात पाऊल टाकलं की आधी खडा, मग मंत्र. ज्याचं पोट घशावर चालतं त्यानं घसा ओला ठेवावा, ही त्यांची शिकवण. कीर्तनकार, गवई, शाळामास्तर, सगळे हेच करतात; त्यात वावगं काय असणार?

मग ते दिवस आले. सुदर्शनच्या कारखान्यानं त्यांच्या हातात स्वेच्छानिवृत्ती ठेवली, जिच्यात स्वेच्छा सोडून बाकी सगळं होतं. आणि त्याच सुमारास पुण्याच्या कडेकडेनं इमारती उगवू लागल्या. खराडी, वाघोली, हिंजवडी. परवापर्यंत जिथं ज्वारीची कणसं होती तिथं सातव्या मजल्यावर वास्तुशांत निघू लागली. कंप्युटरवाली नवी जोडपी, शनिवार-रविवार सोडून वेळ नाही, न्यू जर्सीतल्या भावाला दिसावं म्हणून चौरंगासमोर उघडलेला लॅपटॉप, आणि प्रत्येक मंत्राचा अर्थ हवा. अर्थ सांगायचा म्हटलं की बरेच गुरुजी आठ्या घालायचे. सरोजिनीबाईंना मात्र तेच आवडायचं. त्या थांबून, समजावून सांगायच्या. त्यांचं नाव एका सोसायटीतून दुसरीत गेलं.

सुदर्शन स्कूटर चालवायचे, होमकुंड आणि समिधांची पिशवी सांभाळायचे आणि यजमानांनी विचारलं तर गंभीर चेहऱ्यानं स्वतःची ओळख "पुरोहितीणबाईंचे ड्रायव्हर" अशी करून द्यायचे. माणूस मोठा उमदा. बायको पुढे गेली म्हणून ज्यांचा चेहरा लांब होतो त्या जातीतला नव्हे.

दुखणं आलं ते चोरपावलांनी. सकाळी बोटं आखडायची. बाई म्हणाल्या, गार पाण्यात हात घातला असेल. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपायचं. नेहमीच्या डॉक्टरांनी धुळीची ॲलर्जी म्हणून रोजची गोळी दिली. तोंडाला कोरड पडायची. भाकरीचा घास पाण्यावाचून उतरेना. बाई म्हणाल्या, एवढी बडबड केल्यावर तोंड सुकणारच. आणि कोरड्या तोंडावरचं औषध तर त्यांच्याकडे होतंच. एका खड्याचे दोन झाले. पुढे पुढे निजताना एक खडा गालात ठेवून मगच त्या आडव्या होऊ लागल्या. चूक झाली ती इथं, आणि ती मंद विद्यार्थिनीची नव्हती. वर्गातल्या हुशार, आज्ञाधारक मुलीनंच करावी अशी ती चूक होती: गुरूनं दिलेलं औषध त्यांनी दुप्पट केलं.

दात हिरड्यांपाशी तपकिरी झाले. मग ठिसूळ झाले. वाघोलीला एका वास्तुशांतीत, नवग्रहांचं आवाहन चालू असताना, बाईंना जिभेवर काहीतरी टणक लागलं. त्यांना वाटलं, अक्षतांचा दाणा उडून तोंडात गेला. रुमालात घेऊन बघितलं तर तो त्यांचा समोरचा दात होता, हिरडीपासून सरळ मोडलेला. त्यांनी रुमालाची घडी घातली आणि पुढचा मंत्र सुरू केला. पण त्या फटीतून वारा जायला लागला. त, थ, द, ध, ज्यांच्यासाठी त्यांनी दोन वर्षं जिवाचं रान केलं होतं ती अक्षरं शीळ घालत बाहेर पडू लागली. यजमानांचे वडील नारायण पेठेतले होते. पूजा आटोपल्यावर दक्षिणा देताना ते म्हणाले, "छान झालं हो. काही मंत्र वाऱ्यावर गेले, पण गेले असतील बरोबर पत्त्यावर."

परतताना स्कूटरवर बाईंनी तोंड उघडलं नाही. येरवड्याचा पूल आला तेव्हा सुदर्शन म्हणाले, "काहून वं, बोलत काहून नाही?" चिंता वाटली की त्यांचं वऱ्हाड असं वर येई. बाईंनी मागूनच रुमाल पुढे धरला. त्यांनी स्कूटर कडेला घेतली, घडी उलगडली, पुन्हा नीट घातली आणि रुमाल आपल्या खिशात ठेवला.

पहिल्या दातांच्या डॉक्टरानं आ करायला लावला, आत एक नजर टाकली आणि विचारलं, "मिश्री लावता का?" बाईंनी जन्मात तंबाखूला हात लावला नव्हता. त्यांनी नाही म्हटलं तसा तो हसला. अशा हसण्याला लोक विश्वास न बसणं म्हणतात. मग म्हणाला, "सगळे काढून टाकू, कवळी बसवू. प्रश्न मिटला."

त्याचा प्रश्न मिटला असेल. बाईंचा तिथून सुरू झाला. दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत, असं आपण सहज म्हणतो. बाईंच्या बाबतीत ते अक्षरशः खरं झालं. सगळ्या बाजूंनी बोलावणी येत होती आणि त्या एकेक करून वर्गातल्या मैत्रिणींकडे पाठवत होत्या. पदर ओठांवर धरल्याशिवाय त्या दाराशी येईनात. भीती त्यांना म्हातारं दिसण्याची नव्हती. दुसऱ्याच्या घरच्या शुभकार्यात अशुद्ध मंत्र आपल्या तोंडून जायचा, यापेक्षा गप्प बसावं, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. आणि ज्या बाईनं अर्ध्या आयुष्यानंतर स्वतःचा आवाज मिळवला तिला गप्प बसायला लागणं म्हणजे काय, हे सुदर्शनना दिसत होतं.

त्यांनीच दुसरा दवाखाना शोधला. कर्वेनगरातच, एका किराणा दुकानाच्या वर. दारावर पाटी: "दात दुखत असताना होणारी चिडचिड आम्ही समजू शकतो. तरीही चपला बाहेरच काढाव्यात." डॉक्टरीण पूर्णिमा, तिशीतली, कमी बोलणारी. बाहेरच्या टेबलाशी तिचे वडील सदानंदराव बसत. गणिताचे निवृत्त मास्तर. एकुलत्या एका मुलीच्या दवाखान्यात नंबर पुकारण्याचं काम त्यांनी स्वतःहून घेतलं होतं.

पूर्णिमानं छोटा आरसा तोंडात घातला आणि काढायला गेली तर तो गालाच्या आतल्या कातडीला चिकटला. तिनं तो हलकेच सोडवला, पुन्हा लावला. पुन्हा चिकटला. तिनं दिवा बाजूला केला.

"काकू, कांदा चिरताना डोळ्यांतून पाणी येतं का?"

हा कसला प्रश्न, असं बाईंच्या मनात आलं. मग त्या विचारात पडल्या. "नाही हो. हल्ली नाही येत."

"आणि रडताना?"

बाईंनी खाली बघितलं. "रडू येतं," त्या म्हणाल्या, "पाणी येत नाही."

पूर्णिमानं बोटांचे सांधे दाबून बघितले, सगळ्या गोळ्या विचारल्या, ॲलर्जीच्या गोळीवर थबकली. मग तिनं खुर्ची जवळ ओढून समजावलं. आपल्या तोंडातली लाळ ही दातांची राखण असते. आंबट धुते, गोड धुते, झिजलेलं थोडंफार भरूनही काढते. ती आटली की दात उघडे पडतात. काही माणसांच्या अंगातली रोगाशी लढणारी शक्तीच चुकते आणि लाळेच्या, अश्रूंच्या गाठींवर उठते, सांध्यांवर उठते; घरच्या राखणदारानं घरच्यांवरच काठी उगारावी तसं. त्यात ॲलर्जीच्या गोळीनं उरलासुरला ओलावाही नेला. "तपासल्याशिवाय नक्की सांगणार नाही," ती म्हणाली, "पण मला दातांपेक्षा हीच शंका जास्त आहे. आणि सगळे दात काढून कवळी म्हणाल, तर कवळी धरून ठेवायलाही लाळ लागते. तुमच्या तोंडात ती टिकायची नाही."

बाईंना काय वाटलं असेल? घाबरायला हवं होतं. पण त्यांच्या मनात पहिल्यांदा आलं ते असं, की हिनं मिश्रीचं विचारलं नाही.

"आता तोंडात काय आहे?" पूर्णिमानं विचारलं.

"खडीसाखर. कोरड पडते ना, म्हणून."

"दिवसातून किती वेळा?"

"एक संपली की दुसरी."

"झोपताना?"

बाईंनी पदर ओठांवर ओढला.

"म्हणजे दातांतल्या किड्यांना चोवीस तास नैवेद्य," पूर्णिमा म्हणाली. "देवाला तरी दोनदाच दाखवता ना?"

सरोजिनीबाईंना हसू फुटलं. कित्येक महिन्यांनी, पदर विसरून, मोडक्या दातांसकट त्या हसल्या, आणि बाहेर बसलेल्या सुदर्शनना ते ऐकून इतकं बरं वाटलं की त्यांनी सदानंदरावांना उगाचच नमस्कार केला.

सांध्यांच्या डॉक्टरांकडे रक्त तपासलं, खालच्या ओठाच्या आतला डाळीएवढा तुकडा काढून तपासायला पाठवला. दुखण्याचं नाव निघालं शोग्रेन. बाईंनी ते नाव एकदा ऐकलं आणि अचूक उच्चारलं. डॉक्टर चकित झाले, बाई झाल्या नाहीत. रोग बरा होणार नव्हता, आवरता येणार होता. ॲलर्जीची गोळी बंद झाली. सांध्यांसाठी आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी सुरू झाली, आणि महिन्याभरात तोंड आतून सोलल्यासारखं झालं. आगीतून फुफाट्यात, असं म्हणत बाईंनी ती गोळी सोडून द्यायचं ठरवलं. पूर्णिमानं त्यांना समोर बसवून त्या डॉक्टरांना फोन लावला. औषधाचं प्रमाण बदललं, सोबत आणखी एक गोळी आली, फोड गेले. त्यानंतर दोघांनी एकमेकांना विचारल्याशिवाय बाईंच्या बाबतीत काही केलं नाही. दात काढायचा झाला तरी आधी तिकडे विचारणं, औषध बदललं की इकडे कळवणं. दोन दवाखान्यांनी एका माणसाच्या तोंडाबद्दल एकमेकांशी बोलावं, याचं बाईंना शेवटपर्यंत नवल वाटत राहिलं.

दातांचं काम लांबलं. काही गेलेच. मोडलेल्याचं मूळ मात्र शाबूत होतं. त्याच्या आधारानं पूर्णिमानं नवा दात उभा केला. बाकीच्यांसाठी रोज निजताना दातांच्या मापाच्या साच्यात घालून लावायचं, दात टणक ठेवणारं जेल, घोटाघोटानं पाणी, आणि गोड जे काही असेल ते जेवणाबरोबरच. बाई आभार मानायला लागल्या की ती म्हणे, "आभार नकोत, ब्रश दाखवा."

या सगळ्या काळात बाई बाहेरच्या बाकावर नंबराची वाट बघत बसत, आणि सदानंदराव म्हणत, "म्हणा काहीतरी. मला अर्थ कळत नाही, पण ऐकायला बरं वाटतं." पहिल्या दिवसांत, दात मोडलेला असताना, बाई फक्त त्यांच्यासमोर म्हणायच्या. शीळ वाजायची. सदानंदराव डोळे मिटून ऐकायचे आणि कुठेही हसायचे नाहीत. ज्या काळात बाईंना स्वतःचा आवाज नकोसा झाला होता त्या काळात एक माणूस तो मागून घेत होता. हे उपकार कुठल्या औषधात बसत नाहीत.

दात उभे राहिले, अक्षरं परत आली, तरी बाई पूजेला जाईनात. कारण कोरड गेली नव्हती, आणि ती आता जाणारही नव्हती. थोडं म्हटलं की जीभ टाळूला चिकटे. घोट घ्यावाच लागे. आणि आप्पासाहेबांचा कडक नियम होता: संकल्प सुटल्यापासून कार्य संपेपर्यंत पुरोहितानं पाणी प्यायचं नाही. आचमन तेवढं. बाई सदाशिव पेठेत गेल्या, पायांवर डोकं ठेवलं, खडीसाखरेपासून सगळं सांगितलं आणि म्हणाल्या, "आता मी थांबते."

ऐंशी ओलांडलेल्या आप्पासाहेबांनी समोरची बरणी उचलून मागे ठेवली. मग म्हणाले, "खडीसाखरेचं मी बघतो. पाण्याचं तुम्ही ठरवा. नियम मी शिकवला, तोंड तुमचं आहे." याचा अर्थ हो की नाही, हे बाईंना कळलं नाही. सदाशिव पेठेत तो विचारायचीही पद्धत नाही.

त्या पावसाळ्यात सदानंदराव गेले, झोपेतच. दिवसकार्य त्यांच्या धाकट्या भावानं केलं. वर्ष सरत आलं तेव्हा पूर्णिमा एका संध्याकाळी बाईंच्या घरी आली. खुर्चीत बसली नाही, उभ्याउभ्याच म्हणाली, "वर्षश्राद्ध मी करणार आहे. काकांना पसंत नाही. दोन गुरुजींनी मुलीच्या हातून सांगणार नाही म्हणून कळवलंय. तुम्ही सांगाल?"

सरोजिनीबाईंनी सुदर्शनकडे बघितलं. सुदर्शन आधीच पिशवीतली धूळ झटकत होते.

"मला मध्ये थांबावं लागतं," बाई म्हणाल्या. "पाण्यासाठी. लोकांसमोर बरं दिसणार नाही."

"तुमच्या तोंडातलं मला सांगताय होय?" पूर्णिमा म्हणाली.

श्राद्धाला मोजकी माणसं होती. काका भिंतीला टेकून, हाताची घडी घालून. पूर्णिमा दर्भाचं पवित्रक बोटात घालून दक्षिणेकडे तोंड करून बसली. बाईंनी सुरुवात केली. एकेक अक्षर जागच्या जागी पडू लागलं. आणि तर्पणाशी येऊन, पित्याचं नाव घ्यायच्या नेमक्या क्षणी, जीभ टाळूला चिकटली. बाईंनी ओठ हलवले. शब्द येईना. त्यांचा हात पाण्याकडे गेला आणि अर्ध्यावर थांबला.

"पुरोहितांनी मधेच पाणी प्यायची नवीन पद्धत निघाली वाटतं," काका भिंतीशी म्हणाले.

पूर्णिमानं मान वळवली नाही. "माझीच पद्धत आहे, काका. त्या माझ्या पेशंट आहेत." तिनं मोकळ्या हातानं फुलपात्र भरलं आणि बाईंपुढे धरलं. "प्या. मी बसलेय."

बाई सगळ्यांसमोर पाणी प्यायल्या, सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत. लाज वाटेल असं त्यांना वाटलं होतं, पण वाटली ती फक्त कृतज्ञता. या मुलीबद्दल, मागे पिशवी सांभाळून बसलेल्या नवऱ्याबद्दल, आणि त्या गेलेल्या मास्तरांबद्दल, ज्यांचं नाव आता त्यांना घ्यायचं होतं. मग त्यांनी ते घेतलं. सदानंद. दंत्य अक्षरांचं नाव. ज्या दातांवर ते उमटलं ते त्यांच्या मुलीनंच राखले होते. आणि त्यापुढे, स्वच्छ, तर्पयामि.

पूर्णिमानं त्यांच्यामागून म्हणायला तोंड उघडलं. पहिलं अक्षर आलं, आणि पुढे तिला रडू फुटलं. तिळाचं पाणी बोटांवरून तसंच ओघळून गेलं. एवढ्या वर्षांत तिचा चेहरा असा कुणी बघितला नव्हता. काकांनी हाताची घडी सोडली.

सरोजिनीबाईंनी घाई केली नाही. तिला वेळ दिला, तिच्या ओंजळीत पुन्हा तीळ आणि पाणी घातलं, आणि तिच्या वडिलांचं नाव पहिल्यापासून, एकेक अक्षर वेगळं करून, पुन्हा सांगितलं.